झिजलेलें ग्रीक अक्षर

सन १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें, गोदावरीच्या कांठीं, रुप्याचीं सुमारें १३,२५० नाणीं सांपडलीं. हीच गोदावरी पुढें आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत कोपरगांवास येते. म्हणून त्या नाण्यांची हकीकत आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट ह्यांनीं तीं तपासून विद्वानांपुढें मांडलीं.

तीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं होतीं. एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. ग्रीक अक्षरें इकडे कशीं आलीं? मिनँडर व अपोलोडोटस ह्या यवन राजांचे जुने द्रम्म भडोचच्या बाजारांत चालत, असें ‘पेरिप्लस’ ह्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. नहपानाच्या नाण्यांस वळण त्यांचेंच. भाषा मात्र प्राकृत. लिपि तेवढी ग्रीक!

असें नाणें झिजलेलें असल्यास प्रथम वजन पाहावें. हीं नाणीं सुमारें दोन ते अडीच ग्रॅमांचीं असतात. झिजेनें वजन घटतें, वाढत नाहीं. सबब पांच ग्रॅमांचें नाणें ह्या वर्गांतलें नव्हे. मग तें दिव्यापुढें तिरपें धरून हळूहळू फिरवावें, म्हणजे पुसट अक्षरांच्या सावल्या उठतात. दाराच्या चौकटीसारखी आकृति दिसली तर ती ग्रीक ‘प’. ह्या लेखांत ‘प’ नहपानाच्या नांवांतच येतो. तेव्हां तें एक अक्षरहि पुष्कळ सांगतें. तथापि खोदणारांस ग्रीक नीट येत नसावें, अक्षरें फार बिघडलेलीं आहेत. म्हणून दुसऱ्या बाजूच्या ब्राह्मी लेखाशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

चिंच किंवा राख लावून नाणें मुळींच घासूं नये. जोगळटेंभीच्या सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारला होता: कमानींचा डोंगर व चार जोडवर्तुळें. त्याखालीं नहपानाचें नाक, एखाददुसरें ग्रीक अक्षर अजून डोकावतें. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला, असें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. पण तो त्याच्याच आईचा, गौतमी बलश्रीचा. पुत्राची स्तुति म्हणून कोणी तो बाजूस सारला असता. हीं दुहेरी नाणीं त्याचे साक्षीदार झालीं.

शेतांत पुरलेलें असें धन आढळल्यास, किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर, १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळवावें लागतें. कळवितांना जागा व खोलीहि लिहावी.