खोदकामातला दगड: आधी जागा ठरवा, मग ब्रेकर लावा

मैसूरला चामुंडी टेकडीच्या बाजूने प्लॉट घेणाऱ्याने एक गोष्ट धरूनच चालावी: पाया खोदताना दगड लागणार. वरची तांबडी माती संपली की खाली ग्रॅनाइट. आमच्या प्लॉटवरचा ढीग बघून ठेकेदार म्हणाला, "बाहेर टाकायला कशाला पैसे घालवता? उताराला याचीच भिंत घालू, वर बाग करा." बोलणं रास्त होतं, काम मात्र उरकून टाकलेलं. भिंतीमागे खोदकामाचीच माती लोटली आणि पुढून सिमेंटच्या दरजा भरून तोंड साफ केलं. ऑक्टोबरचा पाऊस लागला, भिंतीला पोट आलं. मग एका रात्री कोपरा सुटला आणि तांबडा चिखल फाटकापर्यंत आला.

भिंत उतरवायला आलेले वयस्क पाथरवट मिस्त्री मागची ओली माती मुठीत दाबून म्हणाले, "स्वामी, दगडात खोट नाही. पाण्याला वाटच ठेवलेली नाही." पाणी मुरलं की माती जड होते आणि साचलेलं पाणी वेगळं रेटतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये चामुंडीवर नंदीकडे जाणारा रस्ताही मुसळधार पावसातच खचला होता.

तेव्हा ढिगाचा हिशोब आधी करा. फुटलेला खडक फुगतो: दहा ब्रासच्या खड्ड्यातून साधारण पंधरा ब्रासचा ढीग निघतो. एक घनफूट ग्रॅनाइट सुमारे 75 किलो भरतो, म्हणजे एकदा टाकलेला ढीग पुन्हा हलवायचा तर मशीनच लागणार. नकाशावर भिंत, पायऱ्या, पायवाट कुठे येणार ते आखा आणि दगड तिथेच उतरवून घ्या. पायाच्या आड न येणारी मोठी शिळा फोडूच नका. चामुंडीवरचा नंदी जागेवरच्याच अखंड शिळेतून कोरलेला आहे. आपल्याला कोरायचं नसलं, तरी तिच्याभोवती बाग आखता येते.

दुसरं काम निवडीचं. मिस्त्री प्रत्येक दगडावर हातोडी मारून कान देत. खणखणीत वाजला तर भिंतीला. बद्द वाजला तर आतून चिरलेला किंवा कुजका, तो भरावाला. मग दगड उलटसुलट करून त्याची सपाट बाजू शोधायची, कारण दगड पडून बसला पाहिजे, उभा नाही. ब्रेकरने चुरा फार होतो, म्हणून भिंतीचे दगड पाचरा मारून काढलेले बरे. वस्तीत सुरुंगाचं नाव काढू नका. भोकांत भरायची फुगणारी पावडर मिळते, ती आवाज न करता खडक तडकवते.

आता भिंत. कोरडी रचणार असाल तर तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको आणि तोंड मागच्या मातीकडे थोडं कललेलं हवं. ठरावीक अंतराने जाडीत आरपार जाणारा दगड घाला. आमच्या पहिल्या भिंतीत दर्शनी दगड एकीकडे आणि मागचा डबर दुसरीकडे, दोघांची गाठच नव्हती. मागे फूटभर खडी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्सटाइलचं कापड, तळाशी छिद्रांचा पाइप. भिंत सिमेंटमध्ये बांधली तर तोंडाला पाणी निघायची भोकं ठेवाच. चार फुटांच्या वर जायचं असेल, तर इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या.

उरलेल्या दगडाचंही ठरवून ठेवा. बारीक तुकडे पायवाटेखाली सोलिंगला जातात. झाडाच्या बुंध्याला टेकवून दगड रचू नका. मोकळ्या सांध्यांत साप आसरा घेतात, म्हणून दाराशी आणि मुलं खेळतात तिथे कोरडी रास नको. दगड प्लॉटबाहेर जाणार असेल तर लक्षात ठेवा, तो गौण खनिजात मोडतो. ट्रक भरण्याआधी खाण व भूविज्ञान खात्यात परवान्याची चौकशी करा.

आणि हे सगळं ठेकेदाराशी तोंडी बोलून सोडू नका. दगड कुणाचा, तो निवडायची मजुरी कोण देणार, भिंतीमागची खडी आणि पाइप कुणाच्या खर्चाने, हे करारात लिहून घ्या. शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. आमच्या दुसऱ्या भिंतीचा हप्ता आम्ही ऑक्टोबर सरल्यावर दिला.