कॉलेजच्या कारभारासाठी मतदान कशाला?

प्रश्न : आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला राहून आलो. घराजवळच डी ॲन्झा कॉलेज आहे, रोज तिथे फिरायला जायचो. तिथे काही गोष्टींचं कोडं पडलं. कॉलेजच्या विश्वस्तांसाठी म्हणे गावातले लोक मतदान करतात! मुलीच्या घरपट्टीच्या बिलातही कॉलेजची वेगळी ओळ होती. आणि तिकडच्या कॉलेजांच्या बातम्या वाचाव्यात, तर एकीकडे नव्या इमारतीची घोषणा आणि दुसरीकडे पैसे नाहीत म्हणून वर्ग बंद केल्याची तक्रार. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘आई, इथे असंच असतं.’ असंच म्हणजे नेमकं कसं?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : मुलीने सांगितलं ते खरंच आहे, फक्त त्यामागचं कारण सांगायचं राहिलं. लोक कॉलेजसाठी मत का देतात, घरपट्टीत त्याची ओळ का येते आणि इमारत उभी राहत असताना वर्ग का बंद होतात, या तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून जरा मागून सुरुवात करू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. डी ॲन्झासारख्या या कम्युनिटी कॉलेजांना पूर्वी ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत, त्यामुळे आपल्याला अकरावी-बारावी आठवते. प्रत्यक्षात तिथलं शिक्षण बारावीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांचं असतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही प्रवेश मिळतो, टक्केवारी विचारली जात नाही. कुणी वाहनदुरुस्तीचं किंवा नर्सिंगचं शिक्षण घेतं, कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी हिशेब शिकतं. अनेक जण दोन वर्षं इथे काढून पुढे बर्कलीसारख्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर फी पडते. पंधरा युनिटांचं पूर्ण सत्र ६९० डॉलरमध्ये होतं. पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला मात्र याच्या कितीतरी पट फी भरावी लागते, हे घरात बेत ठरत असतानाच माहीत असलेलं बरं.

आता मतदानाकडे वळू. ही कॉलेजं शाळांच्या पोटातून जन्मली. १९०७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून माध्यमिक शाळांना शालान्त परीक्षेपुढचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो इथे असे वर्ग सुरू झाले. अमेरिकेत शाळा चालवते ती त्या त्या भागातल्या लोकांनी निवडलेली समिती, आणि तेव्हा शाळेचा खर्चही मुख्यतः त्याच भागातल्या मालमत्ता करातून भागत असे. ज्याने कर भरायचा त्याने कारभारी निवडायचा, ही रीत शाळेत होतीच. वर्ग वाढले, कॉलेज झालं, तरी ती टिकली. १९६० च्या आराखड्याने राज्यातल्या उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या : बर्कली वगैरे जिच्यात येतात ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिच्यानंतर स्टेट युनिव्हर्सिटी आणि मग ही कम्युनिटी कॉलेजं. वरच्या दोन पायऱ्यांच्या मंडळांवर बहुतेक माणसं गव्हर्नर नेमतो. लोकांनी निवडलेली मंडळं आहेत ती फक्त तिसऱ्या पायरीवर.

राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि ती ७३ डिस्ट्रिक्टांमध्ये विभागली आहेत. या डिस्ट्रिक्टांची हद्द कौंटीच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. तुमची मुलगी राहते त्या सँटा क्लारा कौंटीत चार वेगवेगळी कॉलेज डिस्ट्रिक्ट आहेत. क्युपर्टिनो येतं ते फूटहिल–डी ॲन्झा डिस्ट्रिक्टमध्ये. हे डिस्ट्रिक्ट १९५७ साली स्थापन झालं. १९६१ मध्ये लॉस आल्टोस हिल्सच्या टेकड्यांवर फूटहिल कॉलेजचा परिसर उघडला आणि १९६७ मध्ये डी ॲन्झा आलं. दोन कॉलेजं, पण मंडळ एक, विश्वस्त पाच, मुदत चार वर्षं. लॉस एंजेलिसमध्ये नऊ कॉलेजं मिळून एकच मंडळ आहे.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ येते ती विद्यापीठाची अधिसभा. तिथे नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात. मुंबई विद्यापीठाची ती निवडणूक २०२४ मध्ये बरीच रखडून झाली, हे तुम्हाला आठवत असेल. फरक दोन आहेत. कॅलिफोर्नियात मत द्यायला पदवी लागत नाही, त्या हद्दीत नोंदणी असलेला कुठलाही मतदार चालतो. आणि सभागृहातले मोजके सदस्य निवडून देणं वेगळं, अख्खं मंडळच लोकांनी निवडणं वेगळं. हे पद लहान दिसलं तरी तिथून माणसं पुढे जातात. राज्याचे पुढे गव्हर्नर झालेले जेरी ब्राउन यांनी पहिली निवडणूक जिंकली ती १९६९ साली, लॉस एंजेलिसच्या याच कॉलेज मंडळाची. शंभराहून अधिक उमेदवारांत ते पहिले आले होते.

हे विश्वस्त रोजचा कारभार पाहत नाहीत. ते धोरण आणि अंदाजपत्रक मंजूर करतात आणि चॅन्सलर नेमतात. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, म्हणून इथे वाचकांचा घोटाळा होतो. तिथला चॅन्सलर हा मंडळाने करारावर नेमलेला, पगारी, पूर्णवेळ प्रशासक असतो आणि मंडळ त्याला काढूही शकतं. त्याच्या हाताखाली प्रत्येक कॉलेजचा प्रेसिडेंट, म्हणजे आपल्या भाषेत प्राचार्य. अभ्यासक्रम आणि परीक्षा या बाबतींत १९८८ च्या कायद्याने प्राध्यापकांच्या सिनेटला अधिकृत स्थान दिलं आहे. तिचं मत विचारात न घेता मंडळाला परस्पर ठरवता येत नाही. मंडळाच्या टेबलाशी एक विद्यार्थी विश्वस्तही बसतो. त्याला विद्यार्थी निवडून देतात, त्याचं मत इतिवृत्तात नोंदलं जातं, पण ठरावाच्या निकालात धरलं जात नाही.

आता पैसा, कारण तुमचं खरं कोडं तिथेच आहे.

१९७८ पर्यंत विश्वस्त स्थानिक कराचा दर कमीजास्त करू शकत होते. त्या वर्षी मतदारांनी प्रस्ताव क्रमांक १३ मंजूर केला. मालमत्तेवरचा मूळ कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर गोठला आणि मूल्यांकनही वर्षाला फार तर दोन टक्के वाढेल असं ठरलं. घर विकलं गेलं की ते नव्या किमतीवर येतं. (मुलीच्या शेजारच्या, अगदी तशाच घराचं बिल निम्म्याहून कमी का, हा प्रश्न तिला पडला असेल, तर त्याचं उत्तर हेच : ते कुटुंब तिथे पूर्वीपासून राहत आहे.) स्थानिक मंडळाच्या हातून कराची दोरी गेली आणि ती राजधानी सॅक्रामेंटोकडे आली. सॅन मटेओसारखी काही श्रीमंत डिस्ट्रिक्ट आपल्याच मालमत्ता करावर भागवतात. बाकीच्यांना दर वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसावं लागतं. फीसुद्धा विधिमंडळ ठरवतं. तेव्हा फी वाढली म्हणून विश्वस्तांवर रागावण्यात अर्थ नाही.

म्हणजे लोकांनी निवडलेलं मंडळ राहिलं, पण रोजच्या खर्चाची चावी दुसऱ्याकडे गेली. राज्याचा महसूल घसरला किंवा विद्यार्थी कमी झाले की कात्री लागते ती वर्गांना. पहिल्यांदा जातात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि त्यांची संख्या या कॉलेजांत फार मोठी आहे. वर्ग रद्द झाला की एखाद्या विद्यार्थ्याचं पदवीचं शेवटचं युनिट अडतं आणि पुढच्या विद्यापीठातला प्रवेश सहा महिने लांबतो. बातम्यांमधली तक्रार ही असते आणि ती खरी असते.

मग इमारत कुठून येते? त्यासाठी कर्जरोख्यांचा वेगळा मार्ग आहे. मंडळ मतदारांपुढे जातं, अमुक रकमेचे रोखे काढू द्या म्हणतं. ते फेडण्यासाठी घरपट्टीवर वेगळी आकारणी होते. तुम्ही पाहिलीत ती ओळ हीच. पूर्वी अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागत. २००० सालच्या प्रस्ताव क्रमांक ३९ ने ती अट ५५ टक्क्यांवर आणली, पण सोबत बंधनंही घातली. एका निवडणुकीतून येणारा बोजा दर लाख डॉलर मूल्यांकनामागे वर्षाला २५ डॉलरच्या आत असला पाहिजे. खर्चावर नागरिकांची देखरेख समिती हवी आणि दर वर्षी लेखापरीक्षण हवं. आणि या पैशातून पगार देता येत नाहीत. बँकेने घर बांधायला दिलेलं कर्ज किराण्याला वापरता येत नाही, तसंच हे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण तुमच्या मुलीच्याच डिस्ट्रिक्टमधलं आहे. मार्च २०२० च्या मतपत्रिकेवर फूटहिल–डी ॲन्झाचे दोन प्रस्ताव होते. ‘जी’ प्रस्ताव ८९ कोटी ८० लाख डॉलरच्या रोख्यांचा, म्हणजे इमारती आणि साधनसामग्रीसाठी. ‘एच’ प्रस्ताव दर भूखंडामागे वर्षाला ४८ डॉलर, पाच वर्षांसाठी. हा पैसा शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या गरजांसाठी वापरता आला असता. पहिल्याला ५५ टक्के पुरेसे होते, तो मंजूर झाला. दुसऱ्याला दोन तृतीयांश लागत होते, तो पडला. मतदार तेच, दिवस तोच. भिंतींसाठी कोट्यवधी डॉलर मिळाले आणि माणसांसाठी मागितलेले ४८ डॉलर मिळाले नाहीत. माझ्या मते यात मंडळाच्या नियोजनाचा दोष शोधणं अन्यायाचं आहे. इमारतीला सोपी आणि शिक्षकाला अवघड अशी अट कायद्यानेच घातली आहे, आणि ती बदलायला हवी.

याचा अर्थ मंडळ चुकतच नाही असा मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचं काय झालं ते पाहा. तेव्हा ८० हजारांहून अधिक विद्यार्थी असलेली ही मोठी संस्था. आपल्या नॅकसारखी तिथे एक मानांकन संस्था आहे. तिने २०१२ मध्ये कॉलेजला नोटीस दिली आणि जुलै २०१३ मध्ये वर्षभरात मानांकन काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. मुख्य आक्षेप शिकवण्याच्या दर्जावर नव्हते. पैशाचं नियोजन आणि कारभाराची पद्धत यांवर होते. मानांकन गेलं की केंद्र सरकारची विद्यार्थी मदत बंद होते, इथली युनिटं पुढचं विद्यापीठ मोजत नाही, म्हणजे कॉलेज जवळजवळ बंदच. राज्याने निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार बाजूला ठेवून सगळा कारभार एका विशेष विश्वस्ताकडे दिला. मतदारांनी निवडलेली माणसं पदावर होती, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हता. शहराच्या सरकारी वकिलांनी मानांकन संस्थेविरुद्ध खटला भरला आणि न्यायालयाने मान्यता काढायला स्थगिती दिली. २०१५ मध्ये मंडळाला अधिकार टप्प्याटप्प्याने परत मिळाले आणि जानेवारी २०१७ मध्ये मानांकन पुन्हा पक्कं झालं. तोवर हजारो विद्यार्थी निघून गेले होते. इकडे मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये ५० लाख डॉलरहून महाग मालमत्तांच्या विक्रीवर जादा कर मंजूर केला आणि त्या बळावर शहराने २०१७ पासून आपल्या रहिवाशांची या कॉलेजातली फी स्वतः भरायला सुरुवात केली.

लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची गोष्ट याहून कठीण होती. तिथल्या कॉलेजचं मानांकन २००६ मध्ये खरोखरच गेलं. शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजने ते आपलं केंद्र म्हणून चालवलं आणि स्वतंत्र मानांकन परत मिळायला २०१७ उजाडलं. म्हणून ‘कॉलेजच्या मंडळाला मत देऊन काय फरक पडतो’ असं तिथलं कुणी म्हणालं, तर त्याला कॉम्प्टनचं नाव सांगावं.

पुढच्या वेळी गेलात तर एक करा. मंडळाची सभा महिन्यातून एकदा-दोनदा संध्याकाळी असते. १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर मंडळाला सहसा ठराव करता येत नाही. पानावर सुरुवातीला बंद दाराआडचे विषय दिसतील : कोर्टकज्जे, पगारवाटाघाटी, नेमणुका. तिथे झालेल्या निर्णयांची माहिती नंतर खुल्या सभेत द्यावी लागते. मग ‘लोकांचं म्हणणं’ असा भाग येतो. त्यात कुणालाही बोलता येतं, बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं, समोर घड्याळ लावलेलं असतं. त्यानंतर एकगठ्ठा मंजूर करायचे किरकोळ विषय आणि शेवटी चर्चेचे. वर्ग बंद होण्यावर विद्यार्थी आणि तासिकांवरचे प्राध्यापक बोलतात ते या तीन मिनिटांत, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

तुम्ही पाहुण्या असलात तरी आत जाऊन बसायला हरकत नाही. हजर राहण्यासाठी नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मत द्यायला मात्र अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर ते जमत नाही. मुलगी नागरिक झाली असेल, तर पुढच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांचं नाव शोधून झाल्यावर खाली कॉलेजच्या विश्वस्तांपर्यंत जायला तिला जरूर सांगा. बरेच मतदार तिथवर पोचतच नाहीत, आणि घरपट्टी भरणाऱ्या माणसाला कॉलेजला जाब विचारता येईल अशी हक्काची जागा तीच आहे.