पाटाच्या पाण्यातील गोगलगाई : विविधता आणि ओळख

प्रास्ताविक

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतल्या गाठीच्या माणसाला उद्देशून वापरतो. प्राणिशास्त्रातही या वर्गाचे नाव 'उदरपाद' असेच आहे. कारण हे प्राणी पोटाकडील स्नायुमय पायावर सरकतात. पाटातील एका गोगलगाईला तर म्हणीचा अर्थही लागू पडतो. ती कोणती, हे या घटकात पाहू.

विषय-विवेचन

बिनशंखी गोगलगाई पाटाच्या काठावरील ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली राहतात, पाण्यात नव्हे. पाण्यातील शंखधारी गोगलगाईंचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

(अ) झाकण असलेल्या : या कल्ल्यांनी श्वसन करतात आणि शंखाचे तोंड झाकणाने बंद करू शकतात. मोठ्या गोलसर शंखाची पायला, मध्यम आकाराची बेलामिया आणि लांब, निमुळत्या शंखाची मेलॅनॉइडिस ही यांची उदाहरणे होत. पायलाला कल्ल्याच्या जोडीला फुप्फुसही असते.

(आ) झाकण नसलेल्या : या फुप्फुसाने श्वसन करतात व हवेसाठी पृष्ठभागावर येतात. पातळ, टोकदार शंखाची लिम्निया आणि चकतीसारख्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस या गटात मोडतात.

पाटाला पाणी आवर्तनाने सुटते. पाणी आटले की पायला चिखलात शिरते, झाकण लावून घेते आणि कित्येक महिने तग धरते. लिम्नियाला मात्र संथ पाण्याच्या, गवत माजलेल्या चाऱ्या मानवतात.

हीच लिम्निया 'पोटात पाय' असलेली होय. गुरांच्या यकृतातील पर्णकृमीची अंडी शेणावाटे पाण्यात पोहोचतात. त्यांतून निघालेल्या अळ्या लिम्नियाच्या शरीरात वाढतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात आणि त्या चाऱ्यातून पुन्हा गुरांच्या पोटात जातात. जनावर खंगते, दूध घटते.

म्हणून सरसकट मोरचूद टाकणे हा उपाय नव्हे. त्याने निरुपद्रवी गोगलगाई व मासेही मरतात. चारीतील गवत काढणे, शेण पाण्यापासून दूर ठेवणे आणि काठचे गवत चांगले वाळवून घालणे, यांमुळे हे चक्र तुटण्यास मदत होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. झाकण असलेल्या व नसलेल्या गोगलगाईंतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील पाटाच्या काठी पडलेले पाच रिकामे शंख पाहा. त्यांचे आकार नोंदवा आणि त्यांतील लिम्नियाचे कोणते असावेत, ते सकारण लिहा.