मोकळी जमीन आणि तिचा कागद

उमरेडकडच्या एका गावात घरांचा आराखडा करायला आम्ही काही जण बसलो होतो. दोन शिक्षक, बचत गटाच्या ताई, कॉलेजातली पोट्टी आणि नोकरी संपवून गावी परतलेला मी. जागा कुठे, याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. गावाच्या उगवतीचा बोर-पळसाच्या झुडपांचा पट्टा! रस्ते, नाल्या, अंगणवाडी, सगळं कागदावर उतरलं. गावच्या कोतवालकाकांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, ते तं झुडपी होय."

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांबाहेरच्या वाचकाला या शब्दाचं ओझं कळणार नाही. 'झुडपी जंगल' ही जुन्या मध्य प्रांताच्या महसूल दप्तरातली नोंद. जमीन महसूल खात्याची, वापर गुरं चारण्याचा. पुढे 1980 चा वन संवर्धन कायदा आला. मग 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 'वन' या शब्दाची व्याप्ती वाढवली, आणि या जमिनी कात्रीत सापडल्या. त्यांच्यावर शाळा, स्मशानभूमी, सरकारी कार्यालयं, लोकांची घरं आधीच उभी होती. 22 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच. एकूण जमीन सुमारे 86 हजार हेक्टर. 1996 च्या त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांना मार्ग मोकळा ठेवला आहे, राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवायचा. तुम्ही आज नकाशावर आखलेली वसाहत त्यात बसत नाही. ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरीही नाही.

म्हणून तुमच्या गावात घरांच्या आराखड्याचं काम कोणी हाती घेणार असेल, तर मोजपट्टीच्या आधी तलाठ्याकडे जा. सातबाऱ्यावर 'सरकार' दिसलं म्हणून खूश होऊ नका. निस्तार पत्रक मागा. कोणता गट चराईचा, कोणता स्मशानाचा, कोणता खळ्याचा, हे त्यात लिहिलेलं असतं. सोबत वाजिब-उल-अर्जही बघा, जुन्या वाटा आणि पाण्याचे हक्क त्यात सापडतात. हे कागद मागितल्यावर कार्यालयात आधी तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. पाहू द्या. गायरान निघालं तर 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल आठवा. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर पट्टा दिला असेल, अशा मोजक्याच बाबतींत सूट ठेवली.

मग घरं बांधायची कुठे? पहिलं उत्तर गावठाणातच असतं आणि तेच सर्वांत किचकट. पडके वाडे, वाटणी न झालेली खोली, पुण्याला गेलेले वारस. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. आखीव पत्रिका हातात आली की निदान भांडण कोणत्या भिंतीचं आहे हे तरी ठरतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र दर बैठकीत सांगावं लागतं आणि दर बैठकीत कोणी तरी चिडतं.

दुसरं उत्तर गावठाणाला लागून असलेली शेती. महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत, नियोजनाच्या नियमांत बसत असेल तर, स्वतंत्र बिगरशेती परवानगीचा फेरा वाचला. सरकारजमा रक्कम मात्र भरावी लागते. भूमिहीन घरकुल-लाभार्थ्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार मिळत, आता 1 लाख मिळतात. घराचं अनुदान वेगळं. लाखभरात हायवेजवळ काय मिळतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. छोटा तुकडा घेताना तुकडेबंदी आडवी येऊ शकते. घरकुलासाठी सवलत आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच. साध्या स्टॅम्प पेपरवर सौदा करू नका.

गरज मोजतानाही घरकुलाच्या यादीवर विसंबू नका. एका चुलीवर तीन कुटुंबं असतात, नाव एकाचंच. दुपारी सर्वेक्षणाला गेलात तर म्हातारी माणसं भेटतील. वीटभट्टीवर गेलेले भेटणारच नाहीत, आणि खरी गरज त्यांचीच. महिला ग्रामसभा आधी घ्या. न्हाणीघर कुठे आणि पाण्याची टाकी किती लांब, हे प्रश्न आमच्याकडे तिथेच पहिल्यांदा निघाले.

ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतलं जे कमी असेल ते. तहकूब झालेल्या सभेला तीही लागत नाही, तेव्हा तुमच्या पाठीमागे दहा जण काय मंजूर करतील याचा नेम नाही. ठरावात 'योग्य जागी' असं लिहू देऊ नका, गट क्रमांक लिहून घ्या. गाव नागपूर महानगर प्रदेशाच्या हद्दीत असेल तर आधी प्राधिकरणाच्या विकास आराखड्यात त्या गटाचा झोन पाहा, कारण ठरावाने झोन बदलत नाही.

आमचा नवा नकाशा लहान आहे. जुन्या घरांच्या रिकाम्या जागा आणि गावठाणालगतचं एक वावर, एवढंच त्यात उरलं. वावराचा मालक किमतीवर अडून बसला आहे. सोयाबीन निघाल्यावर बोलू, म्हणतो.