शालिग्राम : देवघरातील शिळेचा प्राचीन इतिहास

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक जुन्या घराण्यांच्या देवघरांत शालिग्राम पिढ्यान्‌पिढ्या पूजिला जातो. श्रीविष्णूचे हे स्वयंभू रूप असल्याने त्यास प्राणप्रतिष्ठेची आवश्यकता नसते, अशी श्रद्धा आहे. तुळशीविवाहात वराचा मान त्यालाच मिळतो. ही शिळा कोठली व कशी घडली, हे भाविकांनी अवश्य जाणून घ्यावे.

शालिग्राम नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतो. याच खोऱ्यात सुमारे ३,७०० मीटर उंचीवर मुक्तिनाथ क्षेत्र वसले आहे. शिळेवरील चक्र हे अ‍ॅमोनाइट या नामशेष सागरी जीवाच्या शंखाचे अवशेष होत. ‘ब्लॅनफोर्डिसेरास’ ही त्यांतील एक प्रजाती. सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी ती टेथिस समुद्रात वावरत होती. शंखात अनेक कप्पे असत. जीव सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही आणि वाढेल तसा नवा कप्पा जोडी. आजचे माकूळ व ऑक्टोपस हे त्याचे दूरचे आप्त होत. मृत्यूनंतर शंख चिखलात गाडला गेला व चिखलाचा काळा पाषाण झाला. पुढे भारतीय भूखंड आशिया खंडावर आदळला आणि सागरतळच हिमालय होऊन उभा राहिला.

तो रेटा आजही थांबलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो जीव घेणाऱ्या भूकंपामागेही याच रेट्याने साठलेला ताण होता, असे शास्त्रज्ञ मानतात.

मराठवाड्याचा काळा पाषाण मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. साधारण त्याच सुमारास अ‍ॅमोनाइट पृथ्वीवरून कायमचे नष्ट झाले. म्हणून गोदावरी वा मांजरा नदीतील गोटा कितीही गुळगुळीत असला, तरी तो शालिग्राम नव्हे.

शालिग्रामाची खरेदी-विक्री परंपरेने निषिद्ध मानली आहे. चक्र कोरलेल्या नकली शिळाही विकल्या जातात. त्यांवर भाविकांनी द्रव्य व्यर्थ दवडू नये. घरातील शिळा आतील चक्र पाहण्यासाठी फोडू नये. नित्यपूजा शक्य नसल्यास ती श्रद्धेने पूजा करणाऱ्या आप्ताकडे सोपवावी. कोट्यवधी वर्षे टिकलेला हा ठेवा आपल्या हातून हरवू नये, हीच खरी सेवा होय.