विमा लोकपालाकडे दाद कशी मागावी

ट्रॅक्टरचा अगर आजारपणाचा विमा उतरूनहि कंपनीनें मागणी नाकारली, म्हणजे शेतकरी कपाळाला हात लावून बसतो. तसें करूं नये. प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार देऊन पोंच घ्यावी. नकार आल्यास, अगर एक महिन्यांत उत्तर न आल्यास, तेथून एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे अर्ज करावा. मुकुंदवाडीकरांस पुण्याची कचेरी लागते. फी नाहीं, वकीलहि लागत नाहीं. उभयतांची संमति असल्यास लोकपाल तडजोड घडवितात. नसल्यास, सर्व कागद पोंचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. ५० लाख रुपयांपर्यंतचा हा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; आपणांस अमान्य झाल्यास ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. मात्र तेथें दावा आधींच लावला असल्यास लोकपाल अर्ज घेत नाहींत. दप्तरांत आयुष्य गेलेल्याचें सांगणें एवढेंच : तोंडी तक्रारीस तारीख नसते, पोंच जपावी.