वॉरंटी संपल्यानंतरची इलेक्ट्रिक गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बॅटरी किती वर्षं टिकेल? शोरूममध्ये त्याचं उत्तरही तयार असतं. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि बोलणी रंग, सनरूफ आणि एक्स्चेंज बोनसकडे वळतात. सावध व्हायचं ते नेमकं इथे, असं माझं ठाम मत आहे. बॅटरीबद्दलची भीती वाजवीपेक्षा मोठी आहे आणि ज्याची चौकशी करायला हवी ते कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा देखभालखर्च कमी असतो हे खरं आहे, पण त्याची येण्याची रीत वेगळी आहे. पेट्रोल गाडीचा खर्च दर सर्व्हिसिंगला थोडाथोडा होत राहतो. इलेक्ट्रिक गाडी बराच काळ जवळजवळ काहीच मागत नाही आणि मागते तेव्हा एकदम मोठी रक्कम मागते. गाडीची सर्वसाधारण वॉरंटी संपलेली असेल आणि बिघडलेला भाग बॅटरीच्या वॉरंटीत बसत नसेल, तर ती रक्कम पूर्णपणे मालकाच्या खिशातून जाते. त्यामुळे ही गाडी घेताना हिशेब मांडायचा तो या मधल्या काळाचा.

आधी बॅटरीचं पाहू. कॅनडातल्या जिओटॅब या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक वाहनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षमतेतली घट सरासरीने वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास आढळली. या गतीने आठ वर्षांनीही बॅटरीत ८० टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक राहते. पण सरासरीच्या आड उष्णतेचा परिणाम लपतो. निसान लीफ या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात तिची क्षमता इतक्या झपाट्याने घसरली, की २०१२ मध्ये ग्राहकांच्या तक्रारी आणि खटल्यानंतर कंपनीला बॅटरीच्या क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. नागपूर-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने लिक्विड कूलिंग नसलेली गाडी, विशेषतः जुन्या बाजारातली, घेऊ नये असं मी स्पष्टपणे सांगेन. बाकीची काळजी सोपी आहे. पूर्ण चार्ज केलेली गाडी उन्हात दिवसदिवस उभी ठेवू नये आणि फास्ट चार्जर रोजच्या वापराचा न करता प्रवासापुरता ठेवावा. निकेल असलेल्या बॅटरीला रोज ८० टक्के चार्ज पुरे होतो. एलएफपी प्रकारच्या बॅटरीला मात्र कंपनीच्या सूचनेप्रमाणे अधूनमधून शंभर टक्के चार्ज लागतो, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा चुकीचा दिसू लागतो.

मग गाडी एकंदरीत किती विश्वासार्ह? याचे दोन पुरावे वरवर एकमेकांविरुद्ध जातात. जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या २०२४ च्या नोंदींनुसार, दोन ते चार वर्षं जुन्या गाड्यांमध्ये दर हजारी ४.२ इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यात बंद पडल्या, तर इंधनावरच्या १०.४. उलट अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२३ मध्ये मालकांच्या पाहणीतून सांगितलं, की इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा सरासरी ७९ टक्के जास्त तक्रारी आहेत. पुढच्या वर्षी हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोघांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. इलेक्ट्रिक गाडी वाटेत क्वचित दगा देते. तिच्या तक्रारी असतात त्या चार्जिंगच्या, स्क्रीनच्या, सेन्सरच्या आणि सॉफ्टवेअरच्या, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायला लावणाऱ्या. आणि रस्त्यात बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण दोन्ही प्रकारांत एकच निघालं : साधी १२ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या या छोट्या बॅटरीला चार्ज पुरवणाऱ्या यंत्रणेतल्या दोषामुळेच.

इथूनच मघाच्या मधल्या काळाचा प्रश्न उभा राहतो. ऑन-बोर्ड चार्जर, १२ व्होल्टला वीज पुरवणारा कन्व्हर्टर, चार्जिंग पोर्ट, एसीचा हाय-व्होल्टेज कॉम्प्रेसर आणि नियंत्रणाची मॉड्यूल्स हे भाग महाग असतात. सर्व्हिस सेंटरमध्ये ते बहुतेक वेळा दुरुस्त होत नाहीत, अख्खे बदलले जातात. आठ वर्षांची वॉरंटी अनेकदा बॅटरी आणि मोटरपुरती असते. बाकी गाडीला साधारण तीन वर्षांची वॉरंटी, आणि वर पैसे भरले तर आणखी दोन-तीन वर्षं. म्हणजे कर्जाचे हप्ते चालू असतानाच गाडीचा मोठा भाग उघडा पडतो. शिवाय काही नुकसान कोणत्याच वॉरंटीत येत नाही. पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, बेढब गतिरोधकावर आपटून चेपलेलं बॅटरीचं आवरण, तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, हे सगळं विम्याच्या वाट्याचं. बॅटरीवरची आयपी ६७ ही खूण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीची आहे. मुंबईच्या जुलैतल्या गढूळ पाण्यात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला तिचा आधार मानता येत नाही.

नियमित खर्चाचं चित्र चांगलं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लच, टायमिंग बेल्ट काहीच नाही. वेग कमी करताना मोटरच ब्रेकचं काम करत असल्याने ब्रेक पॅड जास्त टिकतात. पण म्हणून तपासणी टाळायची नसते. कमी वापरामुळे कोकणपट्टीच्या दमट हवेत डिस्कवर गंज धरतो, ब्रेक ऑइल ओलावा शोषतं आणि कूलंट ठरल्या मुदतीत, कंपनीने सांगितलेलंच घालावं लागतं. वजन आणि ओढ जास्त असल्याने टायर लवकर झिजतात. आता विजेचं बघू. एका युनिटमध्ये गळती धरून सहा किलोमीटर आणि युनिटचा दर १२ रुपये धरला, तर किलोमीटरला २ रुपये पडतात. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला ७. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे साठ हजार वाचतात. पण ज्याच्या सोसायटीत चार्जर नाही, त्याला बाहेर २४ रुपये युनिट पडलं तर बचत छत्तीस हजारांवर येते, आणि फास्ट चार्जिंगचा ताण बॅटरीवर पडतो तो वेगळाच. घरच्या वापरातही ही वाढीव युनिटं बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यात मोजली जातात. हिशेब त्याच दराने करावा.

यावर म्हटलं जाईल, की इंजिन आणि गिअरबॉक्सही बिघडतात आणि तेही स्वस्तात होत नाहीत. मान्य. फरक पर्यायांचा आहे. पेट्रोल गाडीला गावोगावी मेकॅनिक, जुने सुटे भाग आणि अर्ध्या किमतीतली दुरुस्ती मिळते. इलेक्ट्रिक गाडीला आज बहुतेक ठिकाणी अधिकृत सर्व्हिस सेंटर हा एकच दरवाजा आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि वाहनक्षेत्राला त्यात घेतलं, हे योग्यच झालं. पण बाहेरचे प्रशिक्षित कारागीर आणि त्यांना मिळणारे भाग वाढल्याशिवाय हा हक्क कागदावरच राहील. दुसरा मुद्दा बॅटरी स्वस्त होत असल्याचा. ब्लूमबर्गच्या पाहणीत २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. मात्र हा कंपन्यांना पडणारा सरासरी भाव आहे. सुटा पॅक, कर, वाहतूक आणि मजुरी धरून ग्राहकाच्या बिलात येणारा आकडा याहून बराच मोठा असतो. तिसरं, आता काही कंपन्या बॅटरीवर आजीवन वॉरंटी देतात ना? देतात, पण ती पहिल्या मालकापुरती आणि खासगी वापरापुरती असते. ‘आजीवन’चा अर्थही नोंदणीपासून पंधरा वर्षं असा लावलेला असतो. गाडी विकताना हे कलम किमतीवर परिणाम करतं.

म्हणून खरेदीआधी शोरूमच्या माणसाकडून वॉरंटीची छापील पुस्तिका मागून घ्या आणि तीन गोष्टी लेखी तपासा : क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, ऑन-बोर्ड चार्जर व कन्व्हर्टर कोणत्या मुदतीत येतात आणि मालकी बदलल्यावर काय उरतं. एक्स्टेंडेड वॉरंटी पेट्रोल गाडीला ऐच्छिक समजा, इथे ती गाडीच्या किमतीतच धरा. विमा झिरो डेप्रिसिएशनचा आणि बॅटरी व चार्जरला स्पष्ट संरक्षण देणारा घ्या. घरी चार्जर बसवताना स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या, कारण विजेच्या चढ-उतारांचा पहिला मार ऑन-बोर्ड चार्जरला बसतो. १२ व्होल्टची बॅटरी तीन वर्षांनंतर तपासत राहा आणि वेळेआधी बदला. सर्व्हिसिंग वेळेवर करून नोंदी जपा. त्या नसतील तर दावा नाकारायला कारण मिळतं. वापरलेली गाडी घेत असाल तर बॅटरीच्या क्षमतेचा सर्व्हिस सेंटरचा अहवाल पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, इंधनात वाचलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा दरवर्षी बाजूला ठेवा. साठ हजारांतले वीस हजार पाच वर्षं साठवले तर लाखभर रुपये हाताशी येतात आणि एखादं मॉड्यूल गेलं तरी घराचं गणित कोलमडत नाही. घरी चार्जिंगची सोय आहे, वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर फिरणं आहे आणि जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे, अशा कुटुंबाने ही गाडी निर्धास्त घ्यावी. यातल्या दोन अटी पुऱ्या होत नसतील, तर दोन-तीन वर्षं थांबणं हाच आज शहाणपणाचा निर्णय आहे.